माटोळीचा (गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीचा) माहितीपट : पहिली ते चौथीच्या वर्गात चित्रीकरणातून वाचन-लेखन (प्रकल्प नोंदी)

१८ जून २०२४

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, एकाच खोलीत पहिली ते चौथी. मुले घरी आणि अंगणात कोंकणी बोलतात, पुस्तक मराठी. गोष्ट सांगायला लागली की थांबत नाहीत, वहीत मात्र दोन ओळींनंतर पेन्सिल अडते. लिहिलेले पुन्हा वाचायची गरजच त्यांना वाटत नाही. बाईंनी खूण केली की काम संपले. चित्रफितीत तसे चालत नाही. तिथे लिहिलेली ओळ आधी चित्राच्या वेळी वाचावी लागते, मग कॅमेऱ्यासमोर, मग आवाज भरताना, मग जुळवणी करताना आणि शेवटी पडद्यावर. एकच मजकूर पाच-सहा वेळा वाचायला खरे कारण मिळते. हा प्रकल्प त्यासाठीच आहे, सुंदर फिल्म निघणे ही पुढची गोष्ट.

दर मंगळवारी मधल्या सुटीनंतरचा वेळ. नियम एकच : कागदावर ओळ नाही तोवर फोन पिशवीतून निघणार नाही.

सामान : सिम काढलेला एक जुना अँड्रॉइड फोन, आवाजासाठी दुसरा, तारेचा इअरफोन, बसायला वापरतो ते भोकाचे प्लास्टिकचे स्टूल, पोस्टकार्डाच्या आकाराचे कापलेले ड्रॉइंग पेपरचे शंभर तुकडे, काळी स्केचपेने, दगडी पाट्या, खडू, सुतळी, कपड्यांचे चिमटे, जाड पुठ्ठा. फोनची सेटिंग १०८०पी, सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम). या मापाने मिनिटाला सुमारे १३० एमबी जागा जाते; कामाला बसण्यापूर्वी किमान ५ जीबी मोकळे हवेत. व्हिडिओचा प्रकार एच.२६४ ठेवावा. नवे फोन जागा वाचवायला दुसरा प्रकार निवडतात आणि मग शाळेतल्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र काळे.

पालकांची लेखी संमती आधी. कागदावर तीन वेगळ्या चौकोनी खुणा : चेहरा दिसला तर चालेल का, आवाज वापरला तर चालेल का, शाळेबाहेर दाखवले तर चालेल का. एकच ‘हो’ घेतला तर ज्यांना फक्त आवाज चालतो ते पालक सरळ नकार देतात आणि मूल प्रकल्पाबाहेर राहते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर कोंकणीतून समजावून सांगितला.

२५ जून

फोन नाही. पुठ्ठ्यात १६ सेंमी × ९ सेंमी खिडकी कापली, प्रत्येक गटाला एक. पडद्याचे प्रमाण हेच असल्यामुळे पुढे फोन हातात आला की नजर तयार असते. पुठ्ठा हातभर लांब धरला तर जवळचे दृश्य, डोळ्याशी आणला तर लांबचे.

तीन दृश्ये, तीन प्रश्न. लांबचे दृश्य सांगते कुठे आणि केव्हा. मधले सांगते कोण काय करते आहे. जवळचे सांगते कसे, कशाने. मुलांनी खिडकीतून पाहायचे, प्रश्नाचे उत्तर तोंडी एका वाक्यात द्यायचे आणि लगेच लिहायचे. तोंडी उत्तर कोंकणीत आले तरी चालते, अडवायचे नाही. लिहिताना गटात बोलून मराठी होते.

नेहमीची अडचण : मुले यादी लिहितात. ‘झाड, आभाळ, कुत्रा, सायकल.’ क्रियापद नाही. उपाय खिडकीतच आहे. ‘तुझ्या खिडकीत काय हलते आहे?’ असे विचारले की ‘कुत्रा अंग झाडतो’ हे वाक्य येते. काहीच हलत नसेल तर खिडकी दुसरीकडे वळवायची. पहिलीतली मुले बोलतात, चौथीतले मूल ते वाक्य लिहून देते, पहिलीतले त्यातला एक शब्द निवडून आपल्या पाटीवर काढते. एका खोलीत चार इयत्ता असण्याचा असा थेट उपयोग होतो.

२ जुलै

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्यापूर्वी १९१२ साली ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत केली होती. कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब वाढताना थोडा-थोडा टिपत जायचा आणि सगळे सलग दाखवायचे, ही तिची रीत. वर्गासाठी हा पाठ अजूनही उत्तम आहे. कारण रोज एक फोटो म्हणजे रोज एक वाक्य.

आपण चवळी घेतली. रात्रभर भिजवलेले दाणे काचेच्या पेल्यात, काच आणि ओला कापूस यांच्या मध्ये, म्हणजे मूळ बाहेरून दिसते. पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत मोड येतात. बाकाचे चारही पाय जमिनीवर खडूने आखले, पेल्याखाली रंगाने गोल काढला, फोनच्या टेकणाची जागाही आखली. फोटो रोज प्रार्थनेनंतर लगेच, फ्लॅश बंद.

बिघडते ते असे. कापूस निथळता ओला ठेवला तर पावसाळ्यात बुरशी धरते; पिळून ओलसर ठेवायचा. खिडकी एके दिवशी उघडी, एके दिवशी बंद राहिली तर फीत लुकलुकते. शनिवार-रविवार फोटो नसतो, त्यामुळे सोमवारी कोंब एकदम उंच उडी मारतो. ही उडी लपवू नये. ‘दोन दिवस आम्ही पाहिले नाही. तेवढ्यात पाने फुटली.’ ही वाक्ये मुलांना आपसूक सुचतात आणि ‘तेवढ्यात’ हा शब्द वहीत येतो.

रोजचे वाक्य वर्तमानकाळात : ‘आज मूळ खाली वळते आहे.’ फीत जोडताना तीच वाक्ये भूतकाळात फिरवून सलग लिहायची : आधी, मग, दुसऱ्या दिवशी, शेवटी. काळ बदलण्याचा सराव वेगळा घ्यावा लागत नाही.

९ जुलै

पाऊस जोरात, हजेरी कमी. चवळीचे फोटो लावून पाहिले, प्रत्येक फोटो दोन सेकंद. खडूच्या आखणीवर पाणी सांडून बाक सरकले होते, दोन फोटो वाकडे आहेत. आखणी रंगाने करावी.

२३ जुलै

आज जोडाक्षरे, स्टूल आणि कात्री : कापलेली अक्षरे थोडी-थोडी सरकवत फोटो काढायचे आणि ते जोडून हलते चित्र करायचे.

स्टूलच्या मधल्या भोकावर फोनची काच नेमकी आणायची, फोन आडवा ठेवायचा. खाली पायांच्या मध्ये रंगीत कागद. फोन हलत नाही आणि वरून खाली सरळ दिसते. कॅमेऱ्याची काच फोनच्या कोपऱ्यात असते, म्हणून फोन मधोमध ठेवला तर भोकातून फक्त काळोख दिसतो. मुलांना हे एकदा दाखवून द्यावे. स्टूलची बैठक जाड असेल तर भोकाच्या कडा चित्रात येतात, तेव्हा फोनवर चित्र थोडे मोठे (झूम) करून घ्यायचे.

जाड कागदावर पाच सेंमी उंचीची अक्षरे काढून कापली. ‘व’ची उभी रेघ कात्रीने कापली की अर्धा व् हातात येतो. तो ‘या’ला चिकटवला की ‘हिरव्या’मधला ‘व्या’ तयार. ‘वस्तू’मधला ‘स्’ तसाच. मात्र ‘ट’ला उभी रेघ नाही, कापायला जावे तर काय कापायचे? म्हणून ‘माट्टी’ (एक रानफळ) या शब्दातला ट खाली बसतो किंवा पाय मोडून घेतो. हा नियम मुले हाताने शोधतात. ‘दोऱ्या’मधला ऱ्य सगळ्यात अवघड, त्यासाठी एक वेगळा तुकडा करून दिला.

मोठ्या लोकांच्या हलत्या चित्रांना सेकंदाला १२ फोटो लागतात. या वयाला ६ पुरे. दहा सेकंदांना ६० फोटो, दर फोटोला अक्षर बोटाच्या नखाएवढे सरकवायचे. पडद्यावर ‘स’ची रेघ गळून पडते आणि तो ‘तू’कडे सरकतो, तेव्हा वर्गभर ‘वस्तू, वस्तू’ असा आवाज होतो.

चुका कुठे होतात : हात चित्रात राहतो. एका मुलाचे काम फक्त ‘हात बाहेर’ म्हणणे. तो म्हणाल्याशिवाय फोटो नाही. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून इअरफोनवरचे आवाज वाढवायचे बटण वापरायचे. बहुतेक फोनमध्ये त्याने फोटो निघतो. प्रकाश आणि फोकस पडद्यावर बोट दाबून कुलूप करायचे, नाहीतर प्रत्येक फोटोला उजेड वेगळा. स्टूल दाराजवळ, मुलांच्या पाठी दाराकडे नकोत.

६ ऑगस्ट

मोठ्या फितीचा विषय ठरला : माटोळी. चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट, तिला बांधलेली रानातली आणि परसातली फळे. विषय निवडण्याचे कारण साधे आहे. प्रत्येक घरात माहीतगार माणूस आहे, वस्तूंना नावे आहेत, कृतीला क्रम आहे. सूचनापर लेखनाला याहून चांगले साहित्य नाही.

मागच्या आठवड्यात घरी विचारायचे पाच प्रश्न वहीत लिहून दिले होते. आधी काय बांधतात? कशाने बांधतात? ते रानात कुठे मिळते? कोण आणते? कोणते फळ नुसते बांधायचे, खायचे नाही? उत्तरांत नारळ, सुपारीचे शिपटे (घोस), केळीचा घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे, माट्टी, कवंडाळ. नावे घरात म्हणतात तशीच लिहायची. क्रियापदे, प्रत्यय मराठीचे.

एका गटाची ओळ : ‘आम्ही माटोळीला नारळ बांधला.’ शेजारी चित्रात दोन नारळ. गटातल्या दुसरीतल्या मुलीने चित्रावर बोट ठेवून विचारले, ‘दुसरो कोणे बांदलो?’ नारळ एक असो की दोन, शब्द तोच. संख्या क्रियापदावरून कळते. ‘बांधला’ खोडून ‘बांधले’ झाले. चित्र आणि वाक्य एकमेकांशेजारी असले की मूल दोन्ही ताडून पाहते, आणि व्याकरणाची चूक ही पाहण्यातली चूक ठरते. लाल पेनापेक्षा हे खोल जाते.

१३ ऑगस्ट

दृश्यपत्रे. पोस्टकार्डाएवढा तुकडा, वरच्या दोन भागांत काडी-माणसांचे चित्र, खालच्या भागात एकच वाक्य, कोपऱ्यात क्रमांक पेन्सिलने. पेन्सिलने, कारण क्रमांक बदलणारच. चित्राला पाच मिनिटांची मर्यादा. नाहीतर पूर्ण वेळ रंगात जातो आणि वाक्य शेवटच्या घाईत उरते. आधी वाक्य, मग चित्र असे केले तर आणखी बरे.

सुतळी बांधून पत्रे चिमट्यांनी लावली. आता दुसऱ्या गटाने क्रमाने वाचायचे आणि जिथे कळले नाही तिथे रिकामा चिमटा लावायचा. रिकामा चिमटा म्हणजे एक वाक्य राहिले. पत्र ४ मध्ये फळे बाजारात, पत्र ५ मध्ये फळे चौकटीवर; मधे घरी कोणी आणली, चौकट कोणी धुतली? तीन नवी पत्रे आली. उलट ‘खूप मजा आली’ अशी पत्रे चार गटांत चार निघाली. याचे दृश्य कसे घेणार असे विचारले की मुले स्वतः काढून टाकतात किंवा बदलतात : ‘आजी फळे मोजताना हसली.’

२७ ऑगस्ट

चित्रीकरणाची तालीम. गट पाच जणांचे : दिग्दर्शक, कॅमेरा, पत्र धरणारा, समोर काम करणारा, नोंद ठेवणारा. दर तीन दृश्यांनी जागा बदलायच्या.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे. ज्याला वाचन जड जाते ते मूल कॅमेरा मागते, बाकीचे आनंदाने देतात, आणि सहा आठवडे ते मूल एकही ओळ न वाचता ‘उत्तम कॅमेरामन’ होते. म्हणून लाल बटण दाबण्यापूर्वी कॅमेऱ्यावरच्यानेच पत्र मोठ्याने वाचायचे. अडले तर पत्र धरणारा पहिला शब्द सांगतो, पुढचे त्यानेच. पत्र वाचून झाल्यावर एक, दोन, तीन मोजून काम सुरू. काम संपल्यावरही तीन मोजून बटण बंद. हे तीन-तीन सेकंद नसतील तर जुळवणीत पहिला शब्द आणि शेवटची हालचाल तुटते.

फोन उभा धरण्याची सवय मोडायला फोनच्या पाठीवर आडवा बाण चिकटवला. समोरचा माणूस दारात उभा राहिला तर काळी सावली होतो. कॅमेऱ्याची पाठ दाराकडे, माणसाचे तोंड दाराकडे.

३ सप्टेंबर

चवथ शनिवारी, ७ तारखेला. माटोळीचे सामान बाजारात येऊ लागले. घरोघरी जाऊन चित्रीकरण नको असे ठरले होते : सणाच्या धांदलीत कोणाच्या देवघरात कॅमेरा नेणे बरे नाही. म्हणून वर्गात दोन हात लांब, दीड हात रुंद बांबूची चौकट, छताला न टांगता दोन बाकांच्या मध्ये मुलांच्या खांद्याच्या उंचीवर. कोणी स्टूलवर चढायचे नाही. बांधायला रानातल्या सालीचे दोर एका पालकांनी दिले. जड वस्तू आधी आणि समोरासमोर : एका बाजूला नारळ तर दुसऱ्या बाजूला नारळ, नाहीतर चौकट कलते. रानफळे तोंडात घालायची नाहीत, हात धुवायचे.

जवळच्या दृश्यांना आज वेळ दिला. दोराची गाठ घेताना अंगठा दोराखाली जातो, पीळ वळतो, टोक ओढले की आंबाड्यांचा घोस एकदा गिरकी घेऊन स्थिर होतो. मूळ पत्रावर ‘दोर बांधला’ एवढेच होते. दृश्य पुन्हा पाहून मुलांनी चार वाक्ये केली : ‘दोर फळाच्या देठाला गुंडाळला. टोक खालून घेतले. गाठ ओढली. घोस फिरला आणि थांबला.’ क्रियापदे कॅमेऱ्याने दिली.

१७ सप्टेंबर

आवाज. कौलांवर पाऊस असेल तर काहीच करता येत नाही. सर थांबेपर्यंत वाचनाचा सराव. पंखा बंद, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्या, मूल त्यांच्याकडे तोंड करून बसते. इअरफोनचा माईक तोंडापासून वीतभर, समोर नाही, गालाच्या बाजूला. समोर धरला तर प, फ, भ यांवर हवा आदळून फट्-फट् येते. आधी दहा सेकंद शांतता भरून घ्यायची, जुळवणीत जोड झाकायला ती लागते.

सलग परिच्छेद भरायला दिला तर शेवटच्या ओळीत अडखळलेले मूल रडवेले होते. एका वेळी एकच वाक्य. भरलेला आवाज फोनवर रेघांच्या डोंगरासारखा दिसतो. पूर्णविरामाला सपाट जागा दिसायला हवी. ‘सुपा-री-चे’ असे तोडून वाचले तर एका शब्दाच्या पोटात सपाट जागा दिसते. कोणी चूक दाखवत नाही, मूल स्वतः पाहते आणि ‘परत घेऊ’ म्हणते. पुन्हा-पुन्हा वाचून ओघ आणायचा सराव इतक्या खुशीने दुसऱ्या कशात होत नाही.

२४ सप्टेंबर

पडद्यावरचा मजकूर. काही ॲपमध्ये देवनागरी फुटते : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे पळते, जोडाक्षरात हलन्त दिसतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo) हे मोफत टंक (फॉन्ट) घातले तर बहुधा सुटते. आम्ही मात्र मुलांच्या हस्ताक्षरातल्या पाट्याच वापरायच्या ठरवले. कोरडी पाटी, जाड खडू, एका पाटीवर जास्तीत जास्त पाच शब्द. पाटी किंचित पुढे कलवली की चमक जाते.

पाटी किती वेळ ठेवायची? केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात (२०२१) दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६०, तिसरीसाठी किमान ६० शब्द वाचनाचे लक्ष्य आहे. म्हणजे तिसरीला शब्दाला फार तर एक सेकंद, दुसरीला एक ते सुमारे १.३. ‘बाबांनी सुपारीचे शिपटे चौकटीला बांधले’ : पाच शब्द, दुसरीच्या मुलांना सात सेकंद, नजर स्थिरावायला एक, एकूण आठ. मोठ्यांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते पाटी तीन सेकंदांवर आणतात. तसे केले की वर्गातले निम्मे वाचक तिथेच गळतात. वेळ मुलांनीच काढली : पाटीतले शब्द मोजून पत्राच्या मागे सेकंद लिहिले.

शुद्धलेखनाची एकच फेरी, एकच तपासणी : शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ. माटोळी, सुपारी, चौकटी, वस्तू. अपवाद ‘आणि’, आणि तो प्रत्येक दुसऱ्या पाटीवर येतो, म्हणून भिंतीवर मोठा लिहून लावला. सगळ्या चुका एकदम काढल्या तर पाट्या पुन्हा लिहायला मुले तयार होत नाहीत.

१ ऑक्टोबर

जुळवणी. क्रम सुतळीवरच ठरवला, ॲपमध्ये फक्त उतरवला. एका फोनभोवती सगळा वर्ग बसवला तर दोघे काम करतात, बाकीचे ढकलाढकली. एका गटाला दहा मिनिटे, तेवढ्यात इतर गट शेवटी येणारी नावे आणि आभाराच्या पाट्या लिहितात. आपले नाव पडद्यावर जाणार म्हटल्यावर पहिलीतली मुलेसुद्धा अक्षर चार वेळा पुसून नीट काढतात.

एकूण लांबी चार मिनिटांच्या आत. गटागटांच्या फिती वेगळ्या जतन केल्या. मूळ दृश्ये पेन ड्राइव्हवर, फोनवरून पुसण्याआधी टीव्हीवर चालवून पाहावीत.

८ ऑक्टोबर

प्रदर्शन तीन वेळा. आधी आवाज बंद, पाट्या सर्वांनी मिळून वाचायच्या. मग आवाजासह. मग चित्र झाकून फक्त आवाज, आणि पुढची पाटी कोणती ते वहीत लिहायचे. ऐकू येणाऱ्या भाषेतलाच मजकूर पडद्यावर असला की नजर आपोआप वाचत जाते. ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९९६ पासून चित्रपटगीतांवर याच दिशेने काम केले. वर्गातही दिसते तेच : तिसऱ्या खेळापर्यंत ओठ हलत असतात.

पाठांतर आणि वाचन यांत फरक करायला मात्र वेगळी तपासणी हवी. प्रत्येक मुलाला दुसऱ्या गटाची, न पाहिलेली तीन पत्रे वाचायला दिली. ओघात आणि पूर्णविरामाला थांबण्यात फरक स्पष्ट आहे. क्रियापदाविना वाक्ये जवळपास गेली. रफार आणि ऱ्य अजून कच्चे आहेत, विशेषतः दुसरीत. दोघांनी चित्र पाहून वाक्य अंदाजाने म्हटले. त्यांना पुढच्या वेळी चित्र झाकून पत्र द्यायचे.

पुढची फीत दिवाळीच्या सुटीनंतर : सकाळी गावात येणारा पोदेर आणि त्याचा पाव. यात संवाद असणार, म्हणजे अवतरणचिन्हे. बोलणे कोंकणीत राहील, पाट्या मराठीत. त्याआधी भट्टीवाल्यांची परवानगी, पहाटेच्या उजेडासाठी एक एलईडी दिवा, आणि शंभर कोरी पत्रे कापून ठेवायची आहेत.